गाडीचा गया

माझ्या भाच्यानं परवा नागपूरहून फोन केला. त्याला माझ्या नवऱ्याशी बोलायचं होतं, पण फोन मी उचलला. गाडीची थ्रॉटल बॉडी काढून मोठी बसवावी म्हणतोय, फायदा होईल का, काकांना विचारायचं होतं, असं तो म्हणाला. काका झोपलेत, मला विचार, असं मी सांगितलं. काका झोपले नव्हते, समोर बसून शेंगा सोलत होते. पण या एका विषयात आमच्या घरात माझ्याइतका अनुभव कोणालाच नाही, आणि तो सांगायची वेळ इतक्या वर्षांत कोणी माझ्यावर आणली नव्हती.

मी विचारलं, "गाडीत तुझ्या शेजारी कोण बसतं?"

"मावशी, मी पॉवरबद्दल विचारतोय."

मी म्हटलं, मीही त्याबद्दलच बोलतेय. पण त्याला घाई होती. त्यानं फोन ठेवला आणि माझं उत्तर माझ्या तोंडातच राहिलं, म्हणून ते इथे लिहिते.

थ्रॉटल बॉडी हे नाव आमच्या वेळी नव्हतं. आमच्या वेळी कार्बोरेटर होता, आणि मंगरुळपीरचा मिस्त्री त्यालाही कार्बोरेटर म्हणत नसे. तो म्हणायचा, गया. आमच्या वऱ्हाडात ळचा य होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, तसा गळ्याचा गया. पायाखालचं पेडल दाबलं की त्या कार्बोरेटरच्या आतली एक झडप उघडते, तिथून हवा आणि पेट्रोल खाली उतरतं आणि इंजिनाला जोर येतो. म्हणजे तो गळाच झाला. मला अजूनही याच्याहून चांगला शब्द सुचलेला नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट आहे. आमचं गाव आसेगाव, तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होतं. बाबा गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. लोकांना वाटायचं मी लग्नाची वाट पाहतेय, आणि मी वाट पाहत होते डी.एड.च्या प्रवेशाची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या पुऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, जी माणसं शिकून पगाराला लागली त्यांत बाबा पहिल्या खेपेचे. त्याआधी आमच्या घरात कोणाची सायकलसुद्धा नव्हती. अशात कारंज्याच्या एका डॉक्टरांनी नवी मोटार घेतली आणि जुनी बाबांच्या गळ्यात मारली. बाबांना मात्र आपण मोठी शिकार केली असं वाटत होतं.

मोटार आली त्या दिवशी ती विहारासमोर उभी केली. पुऱ्यातल्या बाया चपला बाहेर काढून, पदर सावरून आत बसून पाहायच्या. एक म्हातारी बसली ती दिवेलागणीपर्यंत उतरायलाच तयार नव्हती. मास्तरला हौस फार, असं गाव म्हणायचं. पण बाबांनी मोटार हौसेसाठी घेतली नव्हती. ती आईसाठी घेतली होती, कारण आईला गाडी लागायची.

किती लागायची हे सांगायला हवं. एसटी स्टँडवर कंडक्टर ओरडायचा, "कारंजा लागली, कारंजा लागली", आणि आई बाकावर बसल्या बसल्या म्हणायची, "मलेबी लागली." गाडी हलायच्या आधीच तिचा चेहरा उतरलेला असायचा. आवळासुपारी, लिंबू, हुंगायला कांदा, पोटाशी वर्तमानपत्राचा कागद, सगळं करून झालं होतं. एकदा तिच्यासाठी कंडक्टरनं गाडी थांबवली, तर मागून कोणीतरी म्हणालं, एका बाईपायी सगळ्यांची खोटी झाली. तेव्हापासून आपल्यासाठी कोणी काही थांबवायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. मरणप्राय झालं तरी ती दात आवळून बसायची, पण थांबा म्हणायची नाही.

आणि तिला जायचं कुठे असायचं, तर धनजला, तिच्या मोठ्या बहिणीकडे. आईची आई फार लवकर गेली, त्यामुळे मावशीनंच तिला वाढवलं होतं. आई तिला बाई म्हणायची. पूर्वी मावशीच यायची आमच्याकडे, वर्षातून दोनदा, डोक्यावर बोचकं घेऊन आणि रस्ताभर कंडक्टरशी भांडत. मग तिचे गुडघे गेले, तिला एसटीची पायरी चढवेना. आता भेटायचं तर आईनंच जायला हवं होतं. आई जायचीही. पण तिथे पोहोचली की भिंतीशी आडवी व्हायची, आणि उठून बसण्याइतका जीव आला की परतीची एसटी लागलेली असायची. दोन बहिणी भेटल्या असं आपण म्हणायचं, एवढंच. आईला बाईजवळ बसून बोलायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पहिल्या खेपेला आम्ही थंडीत निघालो. मोटारीत बाबा, आई, मी आणि मागे मावशीसाठी तुरीच्या डाळीचं पोतं. मंगरुळपीर गेलं, आईनं दात आवळायला सुरुवात केली होती, आणि कारंज्याच्या वाटेवरचा लांब चढ लागला. मोटार अर्ध्यावरही पोहोचली नाही. खोकली, थरथरली आणि उभी राहिली. बाबांनी पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. शेवटी ते म्हणाले, तुम्ही दोघी उतरा, मी रिकामी वर नेतो. पोतं तेवढं राहू दिलं, ते काही चालू शकत नव्हतं.

आम्ही चालत निघालो. मोकळा वारा होता. आईनं थोडं अंतर गेल्यावर लांब श्वास घेतला, मग बोरीच्या झुडपाकडे वळली, मग बोलायला लागली. अर्धा चढ होईपर्यंत तिनं ओटीत बोरं भरली आणि पुऱ्यातल्या निम्म्या बायांच्या नकला करून दाखवल्या. माझं हसून पोट दुखलं. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. चढाच्या माथ्यावर बाबा बॉनेट उघडून उभे होते. गाडीवाल्यानं त्यांच्याजवळ बैल थांबवले आणि अगदी मनापासून विचारलं, "मास्तर, बैल जुपू काय हिले?"

त्याचा हेतू वाईट नव्हता. पण बाबांना ते जेवढं लागलं, तेवढी आईला कधी कुठली एसटी लागली नसेल.

धनजला आई स्वतःच्या पायांनी मोटारीतून उतरली. मावशी दारात बसली होती, तिनं आधी मोटारीकडे पाहिलंच नाही, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काहून वो, आज उभी कशी तू?" म्हणाली. आई म्हणाली, "घरची गाडी हाय बाई. घरची गाडी लागत नाई." आम्हा सगळ्यांना ते पटलं. विज्ञानाच्या मास्तरांनाही पटलं. आपल्या विहिरीचं पाणी बाधत नाही, घरची भाकर बाधत नाही, तशी घरची मोटार बाधत नाही, यात शंका घेण्यासारखं काय होतं? दोघी बहिणी पानगे थापत बसल्या, वांग्याची भाजी दोनदा करपली, आणि त्यांचं बोलणं काही संपेना. आईला तसं बसलेलं पाहून मला इतकं बरं वाटलं की मी करपलेली भाजीही मुकाट्यानं खाल्ली.

बाबांच्या डोक्यात मात्र बैल फिरत होते. परत आल्यावर ते मोटार घेऊन थेट मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे हाडाचा वऱ्हाडी माणूस, आवाज भोंग्याचा आणि मत प्रत्येक गोष्टीवर. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि तिथूनच सांगितलं, "मास्तर, इंजिन बरं हाय. गया बारीक हाय हिचा. श्वासच पुरून नाई राह्यला."

गावात यावर बरीच चर्चा झाली. शाळेच्या ओट्यावर एक पक्ष म्हणायचा, गळा मोठा केला की जोर वाढेलच. दुसरा पक्ष म्हणायचा, तोंड मोठं केलं म्हणून काय पोट मोठं होते? बाबांचे एक शेतकरी मित्र दुसऱ्या पक्षात होते. त्यांचं म्हणणं असं, की मोटार पेट्रोल जास्त पिईल, उड्या मारील आणि चढ होता तिथेच राहील. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, फळ्यावर झडपेचं चित्र काढून सातवीच्या पोरांना समजावलं, आणि मिस्त्रीला घेऊन अकोल्याला गेले.

तिथल्या दुकानात जे झालं ते बाबा पुढे आयुष्यभर सांगत. दुकानदार हिंदी बोलणारा. मिस्त्रीनं आपल्या हिंदीत सुरुवात केली, "सेठ, गाडी का गया बडा करना है."

"क्या गया?"

"गया."

"किधर गया?"

"किधर नहीं गया. इधरच है. छोटा है."

दुकानदारानं एकदा मिस्त्रीकडे आणि एकदा बाहेर रस्त्यावर पाहिलं, काही चोरीला गेलंय की काय म्हणून. मग बाबा मध्ये पडले आणि आपल्या शुद्ध मास्तरी आवाजात म्हणाले, "गळा, गळा." दुकानदाराला ळ येईना, मिस्त्रीला ळ नको होता. शेवटी बाबांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून दाखवलं, तर त्यानं औषधाचं दुकान पुढच्या चौकात आहे असं सांगितलं. कार्बोरेटर हा शब्द दोघांपैकी एकालाही लवकर आठवला नाही, हे मला फार आवडतं.

नवा गळा बसला. मिस्त्रीनं त्याच्यासाठी इंजिनाचं तोंड कानस घेऊन घासलं, पट्टी बसवली, आणि मोटार खरोखर बदलली. पेट्रोल प्यायची, त्याचा वास आत यायचा, आणि बाबांच्या पायाचा अंगठा हलला तरी उडी मारायची. पण जोर आला होता, ते नाकारता येत नाही.

दुसऱ्या खेपेला चढ आला तेव्हा बाबा पुढे वाकून बसले. मोटार सरळ वर गेली. न खोकता, न थांबता, एका दमात. वर पोहोचल्यावर बाबा मोठ्यानं हसले. असे हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलंय. "पाहिलं का?" त्यांनी आईला विचारलं. आईनं पाहिलं नव्हतं. तिचे डोळे मिटलेले होते आणि पदराचा बोळा तोंडावर होता. ती फक्त "हूं" म्हणाली.

धनजला तिला धरून उतरवावं लागलं. ती भिंतीशी आडवी झाली ती झालीच. मावशी तिच्या उशाशी बसून पंखा हलवत राहिली. बाबा अंगणात शेजाऱ्यांना बॉनेट उघडून दाखवत होते. घरची गाडी लागत नाही हा सिद्धांत त्या दुपारी निकालात निघाला, आणि मला सगळ्या जगाचा राग आला, बाबांचा जरा जास्त.

मावशीनं मला विचारलं, "पयल्या खेपेले तुमी काय केलतं?" मी म्हटलं, काही नाही, मोटार चढली नाही, चढ चालून आलो. मावशीनं पंखा थांबवला. "मंग त्याच्यातच हाय ते. वारा लागला, पाय मोकये झाले, पोट बसलं." आई डोळे न उघडता म्हणाली, "त्याईले सांगू नका. कवा नाई ते आज मन भरून हासले. अन् माह्यासाठी मोटार कायले थांबवायची?"

मी शब्द दिला आणि पाळला. मावशीनं शब्द दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं बाबांना खाटेजवळ बोलावलं. मी बोचकं बांधत होते, मला सगळं ऐकू आलं. "जवाईबापू, पयल्या खेपेले हे चढ चालत आली होती, ध्यानात हाय का? तवा लागली नाई. तुमच्या नव्या गयानं लागली. पण तुह्यासाठी थांबवली असं तिले म्हनान, तर ते उतरणार नाई."  परतीच्या वाटेवर बाबांनी मोटारीबद्दल एक अक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर आईनं जाहीर केलं की आता पुरे. "मी नाई जात आता धनजले. बाईलेच खाटेवर घालून आना." हे ती हसत म्हणाली, पण नंतर चुलीशी बसून रडली. मी तिला रडताना पाहिलं आणि घागर घेऊन बाहेर गेले.

दिवाळीच्या सुटीत बाबाच म्हणाले, एकदा जाऊन येऊ. आई नको नको म्हणत शेवटी बसली. मंगरुळपीर गेलं. चढ आला. बाबांनी पायथ्यालाच पेडलवरचा पाय काढला, मोटार हिसका देऊन उभी राहिली आणि बंद पडली. स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून ते समोर पाहत राहिले.

"उतरा दोघी. चढत नाही."

आई म्हणाली, "काहून? मांगं तर चढली होती."

"तेव्हा चढली. आता गया बसला तिचा."

शाळेत ळ चुकला तर पोरांना ओणवं करणारा माणूस गया म्हणत होता. खोटं बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले होते. आम्ही उतरलो. बाबा मोटार पहिल्या गिअरमध्ये मुद्दाम रडवत वर घेऊन गेले. आई वारा खात, उसाच्या वाढ्यांनी भरलेली बैलगाडी हाकणाऱ्याची विचारपूस करत, रमतगमत आली. त्या खेपेला मावशीकडे वांग्याची भाजी पुन्हा करपली.

आता हे खोटं सांभाळायला हवं होतं. आईच्या कानावर कुठून काही येऊ नये म्हणून बाबा गावभर सांगत सुटले, की मोठा गळा बसवण्यात काही अर्थ नाही. पैसे पाण्यात गेले, चढ चढत नाही, कोणी या फंदात पडू नका. शेतकरी मित्र म्हणाले, मी सांगत होतो. बाबा म्हणाले, तुम्ही सांगत होता. ज्या माणसाला बैल जुंपू का हा एक प्रश्न सहन झाला नव्हता, तो आता ओट्यावर बसून रोज स्वतःच्या मोटारीची टिंगल ऐकून घेत होता. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि तो कोणाला सांगताही येत नव्हता.

अडचण एकच होती, मिस्त्री. त्याच्याकडे गळा मोठा करायला येणारी दोन गिऱ्हाइकं फिरली होती. पुढच्या एका खेपेला आम्ही मंगरुळपिरात थांबलो, तर तो न विचारता पुढचं दार उघडून बसला. "मले कारंज्याले जा लागते," म्हणाला, पण त्याचा चेहरा काही कारंज्याला जाणाऱ्याचा नव्हता.

चढाशी बाबांनी नेहमीसारखी मोटार बंद पाडली. आई नेहमीसारखी उतरून चालायला लागली. माझ्या टाचेत काटा मोडला होता म्हणून मी आतच बसले. मिस्त्री म्हणाला, "सरका मास्तर." बाबा नको नको म्हणेपर्यंत तो चाकामागे बसला होता. आम्ही तिघं आणि मागचं पोतं असे त्या चढावर अक्षरशः उडालो. आईच्या अगदी बाजूनं गेलो, धूळ उडवत. ती पदर नाकाशी धरून बाजूला झाली. मी वळून पाहिलं, ती उभी राहून आमच्याकडे पाहत होती.

वर पोहोचल्यावर मिस्त्रीनं मोटार थांबवली आणि आवाज चढवला. "काय झालं हिच्या गयाले? मास्तर मानूस तुमी, गावभर खोटं काहून सांगून राह्यले?"

बाबा उतरले. खाली पाहत म्हणाले, "तिले गाडी लागते. चालली का मंग लागत नाई. पण थांबा म्हनणार नाई ते कवा." जरा थांबून म्हणाले, "हयू बोल गड्या. येऊन राह्यली."

मिस्त्रीनं खाली पाहिलं. आई चढत होती. मध्येच उभी राहायची, वाऱ्याकडे तोंड करायची, पुन्हा चालायची. ती जवळ येईपर्यंत तो भोंगा गप्प होता. मग त्यानं बॉनेट उघडलं, उगाच आत डोकं घातलं आणि तिथूनच म्हणाला, "वैनी, मास्तरचंच खरं हाय. मी उगाच जोर केला. बसलाच हाय गया. नाई चढत आता हे."

आईनं आत्ताच तिच्या अंगावर धूळ उडवून गेलेल्या मोटारीकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबा पोतं नीट करत होते, ते आधीच नीट होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग राहू द्या तशीच," ती म्हणाली. "दुरुस्त नका करू."